पखवाजासमोरचा माईक

माझे वडील पखवाज वाजवायचे. आमच्या भागात कुठेही सप्ता बसला की आण्णांना बोलावणं ठरलेलंच. मी साऊंडवाला. श्रीरामपुरात माझं दुकान आहे, पुण्यात वर्षभर राहून हे काम रीतसर शिकून आलोय, मिक्सर डिजिटल आहे. तरीही आण्णांच्या पखवाजासमोर मी माईक लावला की ते डाव्या हाताने तो हळूच बाजूला सारायचे आणि विचारायचे, "तात्या आले का?"

सगळ्या टाळकऱ्यांसमोर विचारायचे. आवाजात राग नसायचा. घरी आल्यावर आपण पाणी मागतो तसं सहज.

तात्या बेलापूरचे. साखर कारखान्यात वायरमन म्हणून त्यांचा जन्म गेला होता आणि निवृत्त झाल्यावर ते फक्त एकच काम करायचे: कीर्तनात पखवाजाला माईक लावणं. मंडप, स्पीकर, मिक्सर सगळं दुसऱ्याचं. हे आपल्या जुन्या मोपेडला एक स्टीलचा पोळ्यांचा डबा बांधून यायचे. डब्यात लोकरीची कानटोपी आणि कानटोपीत माईक. काम झालं की माईक पुन्हा टोपीत, टोपी डब्यात, डबा मोपेडवर. जेवायला थांबा म्हटलं तर थांबायचे, पण डबा ताटाशेजारी. वाढणाऱ्या बायका नेहमी फसायच्या आणि त्यांच्या डब्यात पोळ्या घालायला बघायच्या.

मला त्यांचा हेवा वाटायचा. लोक अशा माणसाबद्दल लिहिताना आदर वगैरे लिहितात. आदर मला फार पुढे वाटला, आणि तोही हेव्याला धरूनच. तेव्हा जे वाटायचं ते पोटात दुखल्यासारखं असायचं.

"हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" हे शब्द मी तात्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. माईकवर टिचकी मारलेली त्यांना चालायची नाही, फुंकर तर मुळीच नाही. एकदा एका सरपंचांनी फुंकर मारली तेव्हा तात्या त्यांना शांतपणे म्हणाले होते, की साहेब, तुमाला दिसतंय का ते बघायला कुनी तुमच्या डोळ्यात बोट घालतं का? स्वतः ते माईक तोंडापुढे धरून भाज्यांची नावं घ्यायचे. "कांदा. बटाटा. भेंडी. पडवळ." सावकाश, गिऱ्हाईक समोर उभं असल्यासारखी. सभामंडपातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मी एकदा विचारलं, शेवटी नेहमी पडवळच का. त्यांनी सांगितलं, पडवळात सगळं आहे. 'प'ला वारा सुटतो, 'ड'ला ठोका बसतो, 'ळ'ला जीभ लोळती. माईकला पडवळ नीट म्हनता आलं की पखवाज आपसूक येतो.

कार्यक्रमाच्या दिवशी ते पापड, चिवडा, शेंगदाणे काही खायचे नाहीत. कुरकुरीत खाल्लं की स्वतःच्याच डोक्यात आवाज घुमतो आणि कान दिवसभर बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. बेलापूरहून येताना दोन्ही कानांत कापूस. उसाच्या ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लागलेली असतात, त्यांच्यामागून मोपेड हाकताना कान वाया घालवायचा नाही म्हणून. त्यामुळे रस्त्यात कुणी हाक मारली तरी ते थांबायचे नाहीत आणि लोक म्हणायचे, म्हातारा माजलाय.

माईक लावायच्या आधी ते पखवाजाशेजारी मांडी घालून बसायचे. आण्णांना म्हणायचे, "बुवा, एक धा द्या." आण्णा दोन्ही हातांनी एक थाप द्यायचे. तात्या डोळे मिटून मान पुढे काढायचे आणि दाणा टिपणाऱ्या कोंबडीसारखी इकडून तिकडे हलवायचे. जिथे मान थांबली तिथे माईक. मग वीत आणि बोटं लावून अंतर मोजायचे: एक वीत चार बोटं. मी पुण्यात शिकलो होतो, की पखवाजाला दोन तोंडं, म्हणून दोन माईक, प्रत्येक तोंडाला एक. तात्या एकच लावायचे. यावर मी एकदा त्यांच्याशी वाद घातला तर म्हणाले, पखवाज एक, वाजिवनारे बुवा एक, मग माईक दोन कशाला? आण्णा खो खो हसले. मला अजून तो वाद आठवतो, आणि आण्णांचं हसणं जास्त आठवतं.

माईक लावून झाला की ते मिक्सरपाशी थांबायचे नाहीत. थेट मंडपाच्या शेवटी जायचे आणि चपलांच्या ढिगाशेजारी भिंतीला टेकून बसायचे. आवाज तिथपर्यंत कसा येतो ते ऐकायला. मध्येच एक हात वर करायचे, की मिक्सरवाल्याने समजायचं, थोडा कमी. बऱ्याचदा मिक्सरवर मीच असायचो. म्हणजे माझ्या सगळ्या सामानानिशी मी त्यांच्या एका हाताच्या इशाऱ्यावर.

तो माईक परदेशी होता. आमच्याकडच्या एका मिशनच्या चर्चमध्ये पूर्वी एक गोरे फादर असायचे, त्यांना वाद्यांची आवड. मायदेशी कायमचे परत जाताना त्यांनी तो तात्यांना दिला होता, कारण चर्चची वायरिंग तात्यांनी केली होती आणि गाणी चालू असताना ते दारात उभे राहून ऐकत असत. वाद्यांसाठी बनवलेला, बॅटरी न लागणारा, हातातून पडला तरी न मोडणारा माईक. वर जाळी, जाळीखाली कॅप्सूल, म्हणजे खरा कान तो. बाकीचं नुसतं धड. जाळीवरचा रंग उडून आतलं पितळ दिसत होतं.

तोच माईक ती कंपनी अजूनही बनवते. तोच नंबर, तोच आकार. मी तो मागवला, खोक्यात बिलासकट आला, आणि मला वाटलं, संपला प्रश्न. आता आण्णांना सांगता येईल, की हा तोच आहे, फक्त नवा.

आण्णांनी तो हातात घेऊन बघितला, छान हाय म्हणाले, आणि पुढच्या सप्त्यात पुन्हा विचारलं, तात्या आले का?

तेव्हा मी ठरवलं, की एकदा दोन्ही माईक शेजारी शेजारी लावून सोक्षमोक्ष लावायचा.

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिराचा सभामंडप दुपारी रिकामा असतो. तिथे मी आण्णांना आणि तात्यांना बोलावलं. एकाच स्टँडवर दोन्ही माईक, जुना आणि नवा, अगदी खांद्याला खांदा लावून बांधले. दोघांची उंची तीच, अंतर तेच, एक वीत चार बोटं. लॅपटॉपवर दोन्हींचं वेगवेगळं रेकॉर्डिंग लावलं. आण्णांनी दहा मिनिटं वाजवलं. मग मी हेडफोन आणला. आण्णांना टोपी काढायची नव्हती, म्हणून टोपीवरूनच चढवला.

कुठला आवाज कुठल्या माईकचा ते मी सांगितलं नाही. आधी नव्याचा लावला. आण्णा ऐकत राहिले. चेहऱ्यावर काही नाही. मग जुन्याचा लावला, आणि थोड्या वेळात त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली. त्यांना ते कळलंही नाही.

"ह्यो मी हाय," ते म्हणाले.

मी विचारलं, मग पहिला कोण?

"त्यो बी चांगला वाजिवतो," आण्णा म्हणाले. "पन त्यो दुसराच कोनतरी हाय."

मग तात्यांनी हेडफोन घातला. दोन्ही ऐकले, पहिला पुन्हा ऐकला. त्यांनी जिंकल्यासारखं तोंड केलं असतं तर माझं बरं झालं असतं. ते म्हणाले, की नव्यात काही खोट नाही. उलट वरची धार त्यालाच जास्त आहे, उजव्या तोंडाच्या शाईवरचा ता लखलखीत येतो. जुन्याचा पडदा थकलाय. "वरचं त्याला आता ऐकू येत न्हाई, माझ्यागत. म्हनून खालचं गोड वाटतं." आणि मग, मला न विचारता, सल्ला दिला. नवा माईक जुन्याच्या जागेवर बसवलास म्हणून तो रुसला. त्याची त्याची जागा त्याला शोधून दे.

मी म्हणालो, तुलना करायची तर जागा तीच पाहिजे, नाहीतर तुलना कसली? पुण्यात आम्हाला असंच शिकवलं होतं. तात्या बरं म्हणाले आणि आपला माईक टोपीत घालायला लागले. त्यांच्या त्या 'बरं'मध्ये टोमणा नव्हता. मी पुष्कळ शोधला.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी ते माझ्या दुकानात आले. दुपारची वेळ होती. काउंटरवर डबा ठेवला आणि म्हणाले, माईकच्या आतली एक वायर सुटलीये, आवाज मधेच जातो. स्वतः सोल्डरिंगचा डाग देऊन बघितला, पण हात थरथरतो, दिसतही नाही. आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच आलोय, येईपर्यंत तेवढं करून ठेव. "तुझ्याइतका बारीक टाका माझ्याच्यानं पडत न्हाई आता."

ते गेले. दुकानात मी एकटाच होतो.

वायर मी आधी जोडली. इतकी नीट जोडली, की तेवढ्यावर थांबलो असतो तर आजही अभिमानाने सांगितलं असतं. जाळी परत बसवायची म्हणून हातात घेतली, आणि समोर कॅप्सूल दिसली. काळपटलेली, कडेला झिजलेली, सुपारीएवढी. याच्यातून आण्णा स्वतःला ओळखत होते. माझा नवा माईक शेजारच्या फळीवरच होता. तो उघडून बघितला. इतक्या वर्षांत कंपनीने साचा बदलला नव्हता. आटे जुळत होते.

दहा मिनिटं लागली. जुनी कॅप्सूल माझ्या नव्या माईकमध्ये, नवी तात्यांच्या जुन्या धडात. वरून ती उडालेल्या रंगाची जाळी.

मी हे का केलं ते अनेकदा स्वतःला विचारलंय. तो माईक मला हवा होता असं नाही. माझ्याकडे चौदा माईक होते. आण्णा ज्याला 'ह्यो मी हाय' म्हणाले ते दुसऱ्याच्या पोळ्यांच्या डब्यात बसून गावोगाव फिरतंय, हे मला सोसत नव्हतं. मुलगा मी होतो.

पाच वाजता तात्या आले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना पाणी येत होतं. तरी खिशातून भिंग काढून त्यांनी मी जोडलेली वायर बघितली. जाळी मीच काढून दाखवली, माझ्या हातांनी, आणि नवी कॅप्सूल समोरच उघडी होती. त्यांचं सगळं लक्ष टाक्यावर होतं. म्हणाले, "लई सुरेख पडलाय." माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेले.

पुढच्याच आठवड्यात एका सप्त्याची सांगता होती, सकाळचं काल्याचं कीर्तन. मिक्सरवर मी. तात्या आले, डबा उघडला, टोपीतून माईक काढला, वायर लावली.

"कांदा. बटाटा. भेंडी. पडवळ."

थांबले. पुन्हा म्हणाले, "पडवळ."

ते माझ्याकडे बघतात का, याच्यावर माझं लक्ष. त्यांनी बघितलं नाही. हातातला माईक एकदा फिरवून बघितला, मग आण्णांच्या शेजारी बसले, धा मागितला, मान पुढे काढली. नेहमीपेक्षा जास्त वेळ ती मान फिरत राहिली. मग एक वीत चार बोटं मोजली, आणि माईक आणखी दोन बोटं मागे घेतला. त्याचं तोंड थोडं खाली कललं. उठून चपलांपाशी जाऊन बसले.

कीर्तन सुरू झालं. आण्णांनी पहिल्या चार थापा दिल्या आणि वर बघितलं. मला वाटलं, कीर्तनकार महाराजांकडे बघतायत. पहिला अभंग संपला तेव्हा त्यांनी ताटलीतला कणकेचा गोळा घेतला आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला आणखी थोडी कणीक थापली. कणीक वाढवली की डावी बाजू आणखी खोल बोलते. ते तसं मधूनमधून करतच असायचे. मी सगळं बघत होतो.

आणि मग पखवाज जो वाजला तो अगदी आण्णांचाच. घुमारा छातीत उतरत होता, आणि वर बोटांची बारीक कामं, एकेक दाणा निवडल्यासारखी. तात्यांनी पूर्ण कीर्तनभर हात वर केला नाही. दहीहंडी फुटली, प्रसाद झाला. घरी जाताना आण्णा गाडीवर माझ्यामागे बसले होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून. वाटेत एवढंच म्हणाले, की तात्याच्या हाताला तोड न्हाई.

दोन दिवस मी आतल्या आत हसत होतो. दोघांनाही कळलं नव्हतं. एवढा मोठा कानांचा गाजावाजा, आणि आत माझा माईक घालून दिला तरी म्हाताऱ्यांना पत्ता नाही. म्हणजे सगळी सवय आणि सगळा मनाचा खेळ.

मग ती जुनी कॅप्सूल घेऊन मी कामाला लागलो आणि हसू गेलं. कोपरगावला एका लोककलांच्या कार्यक्रमात मी तो माईक ढोलकीला लावला. ढोलकीवाला दोन मिनिटांत माझ्याकडे वळून म्हणाला, काय हो, घोंगडी टाकल्यागत वाजतंय. मी जवळ नेला तर नुसता घुमायला लागला, लांब नेला तर ढोलकी हरवली. वीत आणि बोटं मोजून पाहिली. शेवटी माझा जुनाच एक साधा माईक लावून वेळ मारून नेली. असं चार-पाच वेळा झालं. तात्यांचा माईक माझ्याकडे होता आणि त्यातून काही निघत नव्हतं. तिकडे ते माझा माईक घेऊन नेहमीसारखं वाजवून घेत होते. मी त्यांच्यापासून काढून घ्यायला गेलो ते काढून घेण्यासारखं नव्हतंच. पूर्वी मला त्यांच्या माईकचा हेवा वाटत होता, आता त्यांच्या मानेचा, बोटांचा, चपलांपाशी बसण्याचा वाटायला लागला. आणि सांगायची सोय नव्हती.

असं तीन वर्षं चाललं. आण्णा वाजवत होते, तात्या माईक लावत होते, मी मिक्सरवर बसत होतो. नंतर आण्णा एका पावसाळ्यात न्यूमोनियाने गेले. आठ दिवस दवाखान्यात होते. तात्या रोज मोपेडवर यायचे, कानातला कापूस काढायचे आणि कॉटशेजारी स्टुलावर बसून राहायचे. दोघं फार बोलायचे नाहीत. मी आत गेलो की तात्या उठून मला स्टूल द्यायचे. मला वाटायचं, मी आल्यामुळे काहीतरी थांबलं.

वर्षश्राद्धाला आम्ही घरी भजन ठेवलं. आण्णांचा पखवाज त्यांच्याच एका शिष्याने वाजवला. तात्या तापाने आजारी होते, आले नव्हते. मी माझा माईक काढला, ज्यात जुनी कॅप्सूल होती. मनात म्हटलं, आण्णांचा आवाज कशात उरला असेल तर याच्यात. आज तरी हा बोलेल. वीस-पंचवीस माणसं ओसरीवर बसली होती. शिष्याने चांगलं वाजवलं. माईकमधून जे आलं ते लाकडाचं खोकं बडवल्यासारखं होतं. आई आतून आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि मला म्हणाली, "बंद कर ते. तसंच वाजवू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारांची पिशवी आणि तो माईक घेऊन बेलापूरला गेलो. परत करायचं, जोडून द्यायचं, आणि ते म्हणतील ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून.

तात्या ओट्यावर उन्हाला बसले होते. ताप उतरला होता, पण खंगले होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. फार आढेवेढे न घेता सांगितलं, कारण घेतले असते तर पुढे बोलता आलं नसतं. ते ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "मला ठाव हाय की."

मी विचारलं, कधीपासून?

"काल्याच्या कीर्तनाला. पडवळ म्हनलो तवाच. 'प'ला धार आल्ती."

मग मला का बोलला नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, काय बोलनार? बुवांचं पोर. आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याची मी तयारी करून गेलो नव्हतो. आण्णांनाही तेव्हाच कळलं होतं. पहिल्या चार थापांतच कळलं. त्यांनी वर बघितलं ते महाराजांकडे नाही, मंडपाच्या टोकाला, तात्यांकडे. माईक आठवड्यापूर्वी माझ्या दुकानात दुरुस्तीला होता हे आण्णांना माहीत होतं, आणि तात्यांनी नुसती मान हलवली. तेवढ्यावर आण्णा समजले, की हे पोरानं केलंय आणि बोभाटा करायचा नाही. त्यांनी कणीक वाढवली. तात्यांनी माईक आधीच दोन बोटं मागे घेतला होता. दोघांनी मिळून माझी चोरी झाकली होती, पाचशे माणसांसमोर, भर कीर्तनात. आणि मिक्सरवर बसून मी ते ऐकत होतो, वर दोन दिवस गालातल्या गालात हसत होतो.

"नंतर काही बोलले का आण्णा?" मी विचारलं.

तात्या उन्हाकडे जरा सरकले. मग म्हणाले, "एकदाच. दवाखान्यात. म्हनले, तात्या, पोराचा माईक वाईट न्हाई. मला आवडला."

मी ते वाक्य ऐकण्यासाठी काय काय केलं होतं. पुण्याला गेलो, दुकान काढलं, तो माईक मागवला. ते वाक्य आण्णा बोलले, आणि ते मिळालं तात्यांना. त्या क्षणी मला पश्चात्ताप व्हायला हवा होता. मला त्या म्हाताऱ्याचा इतका हेवा वाटला, की त्यांच्याकडे बघवेना. मी विचारलं, मला का नाही म्हणाले? त्यावर तात्या म्हणाले, की तू सांगशील म्हनून ते वाट बघत हुते. तू सांगितलं असतंस, तर त्यांनी म्हनलं असतं.

मी पिशवी उघडली. म्हणालो, द्या तुमचा माईक, जुनी कॅप्सूल परत बसवून देतो, माझी मी नेतो. तात्यांनी डबा उघडला, माईक काढून हातात धरला, पण दिला नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ह्याच्यावर तीन वर्सं वाजिवलंय बुवांनी. शेवटची तीन. माईकमधी काय साठून ऱ्हात न्हाई, मला ठाव हाय. तरी ऱ्हाऊ दे. जुना तू ठेव."

मी म्हणालो, तो तुमचा आहे, फादरांनी दिलेला.

ते म्हणाले, असू दे. तुझ्या वडलांनी त्यात सोताला वळखलंय.

मी आणखी एकदा मागितला. कायमचा नको, एका सप्त्यापुरता द्या, असं म्हणालो. मला एकदा त्याच्यातून पखवाज ऐकायचा होता. तो माझाच होता, आणि तो मी माझ्या हाताने देऊन बसलो होतो. आयुष्यभर मला माझा माईक आण्णांच्या समोर लावायचा होता. तीन वर्षं तो लावलेला होता.

तात्यांनी विचार केला. मग म्हणाले, "न्हाई." आणि माईक डब्यात ठेवला, डबा ओट्यावर माझ्या शेजारी ठेवला, आणि भिंतीला धरत उठून चहा करायला आत गेले.

घरात दुसरं कुणी नव्हतं. आतून स्टोव्हचा आवाज येत होता. डबा माझ्या मांडीपासून हातभर अंतरावर होता आणि हत्यारांची पिशवी उघडी होती. दहा मिनिटांचं काम, ते मला पाठ होतं. म्हाताऱ्याला चहाला तेवढा वेळ लागणारच होता. नंतर मला वाटलं, त्यांनी मुद्दाम जास्तच लावला.

ते दोन कप घेऊन बाहेर आले तेव्हा मी पिशवी बांधून पायाशी ठेवली होती. डबा उघडला नव्हता. त्यांनी डब्याकडे बघितलं नाही, मला काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आम्ही चहा प्यायलो. मग ते म्हणाले, उद्यापासून शेजारच्या वस्तीवर भजन बसतंय, मला मोपेड झेपायची न्हाई, तेवढं मला सोडशील का? मी हो म्हणालो.